सात मेच्या आत परत

मी एक जुना पासपोर्ट आहे, फिजी देशाचा. माझे निळे पुठ्ठे आता मऊ पडले आहेत. पाने वाळत घातलेल्या पापडासारखी वाकडी झाली आहेत, आणि खालचा एक कोपरा सरकारी कात्रीने कापून टाकला आहे. कोपरा कापलेला पासपोर्ट घेऊन कुणी विमानात बसू शकत नाही. पण मित्रांनो, एके काळी माझ्यावाचून एका मुलीचे पान हलत नसे. ती जितकी घाबरलेली असे, तितकाच मीही असे. ते दिवस आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म सुवा शहरातल्या एका सरकारी कचेरीत झाला. माझ्यावर चेहरा आहे तो तोरिका देलाईचा. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मोतुरिकी नावाच्या लहानशा बेटावर राहत होती. चेहरा गंभीर दिसतो, पण तो तिचा खरा चेहरा नव्हे. फोटो काढताना ती सारखी हसत होती. शिवाय तिचे गोल, फुललेले केस चौकटीत मावत नव्हते. ही हकिगत मी तिच्या वडिलांच्या तोंडून शंभरदा ऐकली आहे.

“अगं मुली, हसू नको. सरकारला दात चालत नाहीत,” फोटोवाला म्हणाला होता.

“आणि केस?”

“केस चालतात. पण सगळे एकदम नाही.”

तिच्या वडिलांचे नाव अपिसाई. ती त्यांना ‘ता’ म्हणे. त्या बेटांवर बापाला ताच म्हणतात. ताची एक छोटी होडी होती. ते मासे धरत, कसाव्याचे कंद लावत आणि संध्याकाळी चार माणसांत बसून मोठमोठ्याने बोलत. मी पहिल्यांदा घरी आलो तेव्हा त्यांनी हात धुऊन, पुसून मला उचलले आणि एकेक पान उलटून पाहिले.

“सगळी कोरीच आहेत की!” ते म्हणाले.

“भरायची आहेत, ता.”

मलाही तसेच वाटले होते. मी आलो म्हणजे आता प्रवास सुरू, अशी माझी समजूत होती. पण तोरिकाला ऑस्ट्रेलियात नर्सिंग शिकायचे होते, आणि मी तर त्या कामातला पहिला कागद होतो. माझ्यामागून कॉलेजच्या प्रवेशाचे पत्र आले. इंग्रजीची परीक्षा झाली. आजारपणाचा विमा काढावा लागला. खर्च झेपेल याचा पुरावा हवा होता. त्यासाठी तिच्या आत्याने, वासितीने, आपल्या फंडाचा कागद काढून दिला. छातीचा एक्स-रे झाला. सुवाच्या व्हिसा कचेरीत बोटांचे ठसे देताना तर भलतीच पंचाईत झाली. कसावा सोलून सोलून तोरिकाच्या अंगठ्याची कातडी झिजली होती आणि यंत्राला तिचा ठसाच सापडेना. तिथल्या बाईने तिला हात धुऊन यायला सांगितले, मग तेल लावायला सांगितले, मग पुसायला सांगितले. तोरिका घामाने भिजली. आपल्याला अंगठाच नाही असे ठरवून हे लोक परत पाठवतात की काय, असे तिला वाटू लागले. पाचव्या खेपेला ठसा उमटला.

सगळ्यात अवघड होते ते एक निवेदन. तुम्हाला खरोखर शिकायचेच आहे ना, हेच का शिकायचे आहे, आणि शिकून काय करणार, ते स्वतःच्या शब्दांत लिहायचे होते. तोरिका तीन दिवस लिहीत होती. मोठमोठे शब्द घालत होती आणि खोडत होती. शेवटी ता म्हणाले, “एवढं कशाला गं? लिही की आमच्या बेटावर एकच नर्स आहे, आणि ती पण बहुतेक रजेवर असते.”

तिने अगदी तसेच लिहिले.

सात आठवड्यांनी व्हिसा आला. मित्रांनो, त्या दिवशी मी जरा खट्टू झालो. मला वाटले होते, माझ्या एखाद्या पानावर एक रंगीत, चकचकीत कागद चिकटवतील. तसे काही झाले नाही. व्हिसा आला तो मेलमध्ये. तो कुठल्यातरी दूरच्या संगणकात राहत होता आणि माझ्या नंबराला बांधलेला होता. बाहेरून पाहणाऱ्याला मी पूर्वीइतकाच कोरा होतो. पण नंबरातले एक अक्षर जरी चुकले असते, तर तोरिका जागची हलू शकली नसती.

ब्रिस्बेनला ती आपल्या आतेभावाकडे राहिली. सेमिसी त्याचे नाव. वासिती आत्याचाच मुलगा. तो वीस वर्षे तिथे होता, तिथला नागरिक झाला होता, ट्रक चालवत असे. अंगाने दांडगा, स्वभावाने मोकळा आणि कागदांचा वैरी. आलेले पत्र तो न उघडता फ्रिजवर ठेवी. आते-मामेभावंडांत फिजीत चिडवण्याला धरबंध नसतो, त्यामुळे तोरिकाच्या काळजीखोरपणावर त्याचा रोज एक तरी विनोद होई.

तोरिकाला काळजी करावी असे पुष्कळ होते. वर्ग बुडता कामा नये. घर बदलले तर कळवायचे. विमा संपू द्यायचा नाही. ती एका वृद्धाश्रमात काम करू लागली होती, पण कॉलेज चालू असताना पंधरवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर काम करायला तिला मनाई होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती रोजचे तास पेन्सिलीने मांडत असे. एकदा आश्रमातल्या बाईंनी फोन केला. दोन जणी आजारी पडल्या होत्या, म्हाताऱ्यांना जेवण भरवायला कुणी नव्हते.

“माझे सत्तेचाळीस झालेत,” तोरिका म्हणाली. “एक तास येते. एकच.”

ती गेली, एक तास जेवण भरवले आणि घड्याळ बघून परत आली. कुणाच्या तरी ताटात अर्धे जेवण राहिले होते, म्हणून दिवसभर तिला चुटपुट लागून राहिली.

मी तिच्या टेबलाच्या खणात, एका पारदर्शक पिशवीत असे. आठवड्यातून एकदा तरी ती खण उघडून मी आहे ना ते बघे. कुठे जाणार होतो मी? पण तिला बघावेच लागे.

तिसऱ्या वर्षी एका रुग्णाला उचलताना तिच्या पाठीत उसण भरली. महिनाभर ती सरळ उभी राहू शकत नव्हती. हॉस्पिटलमधले प्रात्यक्षिक अर्धवट राहिले आणि शिक्षण सहा महिन्यांनी लांबले. व्हिसा मात्र ठरल्या दिवशी, मार्चमध्येच संपणार होता. तिने मुदतीच्या आत नव्या व्हिसाचा अर्ज केला. त्याचा निकाल लागेपर्यंत तिला एक मधला व्हिसा मिळाला. तो मेल आला तेव्हा ती कामावरून नुकतीच परतली होती. ‘निर्णय होईपर्यंत आपण येथे राहू शकता,’ हे पहिले वाक्य तिने तीनदा वाचले, डोळे मिटून मोठा श्वास घेतला आणि मेल बंद केला. खाली आणखी चार ओळी होत्या. त्या तिने वाचल्या नाहीत.

एप्रिलमध्ये, एका बुधवारी सकाळी, वासिती आत्याचा फोन आला. ता होडी ओढताना वाळूत कोसळले होते. उजवा हात, उजवा पाय गेला होता, तोंड वाकडे झाले होते. त्यांना होडीतून आणि मग गाडीतून सुवाच्या हॉस्पिटलात नेले होते.

“डॉक्टर म्हणतात, दोन-चार दिवस काही सांगता येत नाही,” आत्या म्हणाली. “तू ये बाई.”

सेमिसीने तासाभरात शुक्रवारच्या विमानाचे तिकीट काढले.

“परत यायचं काय, सेमी?” तोरिकाने विचारले.

“परत यायचं काय म्हणजे? पासपोर्ट आहे ना? खोटा नाहीये ना?”

“माझा नवा व्हिसा अजून आला नाहीये.”

“येईल की! तू काय चोरी करून पळून चाललीयेस? जायचं, मामाचा हात धरायचा, यायचं. तू ना, सिग्नल हिरवा झाला तरी रस्त्यात उभी राहशील.”

तोरिका हसली नाही. तिने मला पिशवीसकट हातातल्या बॅगेत ठेवले. मला आनंद झाला होता, खोटे कशाला सांगू? तीन वर्षांनी मी खणाबाहेर पडणार होतो. माझ्या नंबराला काय बांधले आहे आणि काय नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होते?

गुरुवारी रजेचा अर्ज द्यायला ती कॉलेजात गेली. परदेशी विद्यार्थ्यांचे काम पाहणाऱ्या ब्रॉनविनबाई टेबलाशी चहा पीत होत्या. त्यांनी अर्ज वाचला, तोरिकाच्या हातावर हात ठेवला आणि मग एकदम विचारले, “थांब जरा. आत्ता तू कुठल्या व्हिसावर आहेस?”

“मधल्या.”

बाईंनी कप खाली ठेवला. “तो मेल दाखव मला.”

त्यांनी मेल खालपर्यंत वाचला. शेवटून दुसरी ओळ त्यांनी मोठ्याने वाचली: ‘आपण देश सोडल्यास ही परवानगी संपुष्टात येईल.’

“म्हणजे?” तोरिकाने विचारले.

“म्हणजे उद्या विमान तुला नेईल. परत आणणार नाही. तुला जाऊन परत यायची वेगळी परवानगी काढायला लागेल, आणि ती हातात येईपर्यंत इथून हलायचं नाही.”

“पण ते... माझे वडील...”

“माहितीये. म्हणूनच आत्ता बसून भरू या. खुर्ची ओढ.”

बॅगेची चेन उघडी होती. तोरिकाने खुर्ची ओढून घेतलेली मला दिसली. आदल्या दिवशीच्या माझ्या आनंदाची मला लाज वाटली.

अर्जाला कारणाचा पुरावा जोडायचा होता. हॉस्पिटलचे पत्र आत्याने दुपारपर्यंत पाठवले. नाते सिद्ध करायला तोरिकाचा जन्मदाखला होता. ब्रॉनविनबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. दाखल्यावर वडिलांचे नाव होते अपिसाई देलाई. हॉस्पिटलच्या पत्रात होते अपिसाई नाउलू.

“हे दोघे कोण?” त्यांनी विचारले.

दोघे कुठले! नाउलू हे ताच्या वडिलांचे नाव. गावात त्यांना सगळे अपिसाई नाउलूच म्हणत, आणि घाबरलेल्या आत्याने हॉस्पिटलात तेच सांगितले होते. बेटावर कुणाला त्यात काही वाटले नसते. पण अर्ज वाचणाऱ्या अनोळखी माणसाला ही दोन वेगळी माणसे दिसणार होती. आत्या हॉस्पिटलच्या कचेरीत गेली, तर नाव दुरुस्त होऊन यायला सोमवार-मंगळवार उजाडणार होता.

“इथे कुणी आहे का, जो त्यांना दोन्ही नावांनी ओळखतो?” बाईंनी विचारले. “शपथेवर लिहून देईल असा?”

तोरिकाने फोन लावला. कागदांचा वैरी ट्रक रस्त्याकडेला लावून आला.

त्या शहरात मोठ्या दुकानांच्या मधल्या जागेत टेबल मांडून काही निवृत्त माणसे बसतात. सरकारने नेमलेली ही माणसे फुकटात लोकांची प्रतिज्ञापत्रे तपासून सही-शिक्का देतात. आम्ही गेलो तिथे एका बाजूला पाववाला होता आणि दुसऱ्या बाजूला बुटांचे दुकान. टेबलामागच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ओळख पटवायला सेमिसीचा परवाना पाहिला, तोरिकाकडून मला मागून घेतले आणि चष्मा वर करून विचारले, “हे दोन्ही एकच गृहस्थ, हे तुला कसं माहीत?”

“साहेब,” सेमिसी म्हणाला, “या दोन्ही नावांच्या माणसानं मला लहानपणी एकाच हातानं बडवलंय.”

“ते लिहू नकोस. बाकीचं लिही.”

सेमिसी लिहायला बसला. एवढा दांडगा माणूस, पण प्रत्येक शब्द तो आधी पुटपुटून मग लिहीत होता. त्याने लिहिले की हे माझे मामा आहेत, त्यांच्याच घरी मी वाढलो, त्यांच्याच होडीत वल्हवायला शिकलो. मधेच थांबून तो म्हणाला, “तोरिका, मी तुला काल काय सांगितलं ते विसर. मला काही कळत नाही यातलं. तुला पाठवूनच दिलं असतं मी.”

“आधी लिही, सेमी,” ती म्हणाली.

कॉलेज बंद व्हायच्या आत अर्ज गेला. शुक्रवारी सकाळी दहा वाजता विमान तोरिकाशिवाय उडाले. ती स्वयंपाकघरात घड्याळाखाली उभी होती. दहा वाजून गेल्यावर तिने आत्याला फोन लावला आणि फोन ताच्या कानाशी धरायला सांगितले.

“ता, मी अजून इथंच आहे. परवानगी आली नाही. आली की निघते. तुम्ही...”

पलीकडून जड, लडबडत्या जिभेने शब्द आले. “कागद... येऊ दे. मी... कुठं... पळतोय?”

तोरिका जमिनीवर बसून हसली आणि रडली.

शनिवार-रविवार कचेऱ्या बंद. ती सारखा फोन तपासत होती. सेमिसी कसावा उकडून समोर ठेवी आणि ती तो तसाच सोडून देई. मला वाटे, मी उठून त्या संगणकाच्या दारात जाऊन उभा राहावे आणि सांगावे, ही मुलगी खरे बोलते आहे हो! पण आम्हा पासपोर्टांना तोंड नसते. आमच्याकडे फक्त एक नंबर असतो.

सोमवारी दुपारी परवानगी आली. या वेळी तोरिकाने मेल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, मग सेमिसीला मोठ्याने वाचायला लावला. त्यात लिहिले होते: सात मेच्या आत (सात मे धरून) परत यावे.

ता जिवंत होते. सुवाच्या वॉर्डात तिने त्यांचा डावा हात धरला तेव्हा मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. आठवड्याभराने त्यांना मोतुरिकीला घरी आणले. जे शिकायला ती गेली होती, ते आता तिने घरी केले. पातळ पाणी घशात अडकते म्हणून पेज दाट करून, मान जरा पुढे झुकवून कशी भरवायची, ते तिने आत्याला शिकवले. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, ते दाखवले. उजव्या मुठीत लिंबू देऊन ती म्हणे, “दाबा.” पहिले काही दिवस लिंबू नुसते घरंगळून पडे. मग एका सकाळी त्यावर बोटांचे ठसे उमटले, आणि आत्याने ते लिंबू शेजारणींना दाखवून आणले.

अशा वेळी माणसाचे मन मागे ओढले जाते. तीन मेला तोरिका म्हणाली, “ता, मी नाही जात. राहिलेलं सहा महिन्यांचं राहू दे.”

ता एकेक शब्द जुळवत म्हणाले, “मी बरा झालो, तर तू इथं काय करणार? आणि नाही झालो... तर अर्धं शिकून काय करणार?”

ती उठून सामान बांधू लागली. चार तारखेला निघायचे होते. त्याच दिवशी समुद्र खवळला.

चार तारखेला होड्या निघाल्या नाहीत. पाचलाही नाहीत. मोतुरिकीहून मोठ्या बेटावर जायला दुसरा रस्ता नाही, आणि तिथून विमानतळ गाडीने पाच-सहा तासांवर. मुदतीच्या आतले शेवटचे विमान सात तारखेला सकाळी होते. तोरिका किनाऱ्यावर उभी राहून पांढऱ्या लाटा मोजत असे. सहाला सकाळी वारा थोडा पडला. ताचे मित्र जोनेकाका आपली होडी घेऊन आले.

“भिजशील,” ते म्हणाले. “पण पोचशील.”

तिने मला पावाच्या दोन पिशव्यांत गुंडाळून बिस्किटांच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवले आणि डबा पोटाशी धरला. मित्रांनो, त्या तासाभराचे वर्णन मी करू शकत नाही, कारण मी अंधारात होतो. होडी वर जाई आणि आदळे. जोनेकाकांचे ओरडणे ऐकू येई. मग एक लाट सरळ अंगावर आली, डबा तिच्या हातून निसटला, झाकण उडाले. होडीत साचलेल्या पाण्यात मी पडलो. पिशव्यांना गाठ होती, पण ती पक्की नव्हती. खारट, गार पाणी माझ्या पानापानांत शिरले. तोरिकाने किंचाळून झडप घातली आणि मला उचलून आपल्या झग्यात छातीशी घट्ट धरले. किनारा येईपर्यंत तिने एका हाताने होडी धरली होती आणि एका हाताने मला.

नांदीच्या विमानतळावर सात तारखेच्या सकाळी मी फुगलेला होतो. रस्ताभर तिने मला रुमालात दाबले होते, वाऱ्यावर धरले होते. विमान कंपनीच्या खिडकीमागच्या उंच, चष्मेवाल्या बाईंनी मला दोन बोटांनी उचलले.

“हे काय? पासपोर्टला आंघोळ घातलीस?”

“होडीत... लाट आली, ताई.”

बाईंनी मला यंत्रावर टेकवले. यंत्र गप्प राहिले. पुसून पुन्हा टेकवले. पुन्हा काही नाही. मी जीव तोडून प्रयत्न करत होतो, पण माझ्या ओळी त्याला वाचता येत नव्हत्या. मागच्या रांगेतला एक माणूस मोठ्याने उसासे टाकू लागला. तोरिकाच्या हातातले कागद खाली पडले. ते गोळा करताना त्यांचा क्रम चुकला. क्रम लावताना पुन्हा पडले.

“नंबर हाताने घालते,” बाई म्हणाल्या. त्यांनी मला डोळ्यांजवळ नेले आणि एकेक अक्षर टिपले. मग पडद्याकडे बघून भुवया उंचावल्या. “परतीची मुदत सात मे. आज सात.”

“हो.”

“आजच पोचायला हवंस.”

“हो, ताई.”

“आणि पासपोर्ट हा असा. मला पलीकडे ऑस्ट्रेलियात विचारावं लागेल. त्यांनी नाही म्हटलं, तर माझ्या हातात काही नाही बघ.”

त्यांनी फोन उचलला. माझे फोटोचे पान शाबूत आहे, नंबर वाचता येतो, चेहरा तोच आहे, असे त्या सांगत होत्या. मग थांबायला सांगण्यात आले. वीस मिनिटे गेली. रांग ओसरली. सामान नेणारा पट्टा थांबला. तोरिका एकाच जागी उभी होती आणि ओठ चावत होती. मला आठवला तो सुवाचा अंगठा, अठ्ठेचाळीस तासांचे कॅलेंडर, लिंबावरचे बोटांचे ठसे. हे सगळे आता माझ्या ओल्या कागदावर येऊन ठेपले होते, आणि मला स्वतःला वाळवताही येत नव्हते.

फोन वाजला. बाईंनी “हं”, “हं” केले आणि खाली ठेवला.

“पळ,” त्या म्हणाल्या. “आणि तिकडे गेल्यावर नवीन काढ बाई. हा बिचारा दमला.”

त्या दुपारी ब्रिस्बेनच्या अधिकाऱ्याने मला बराच वेळ निरखले, काही प्रश्न विचारले आणि तोरिकाला आत सोडले. बाहेर सेमिसी उभा होता. त्याने विनोद केला नाही. नुसती तिची बॅग घेतली.

पुढचे थोडक्यात सांगतो. ऑगस्टमध्ये तिचा नवा व्हिसा आला. अभ्यास पुरा झाला. त्याआधीच माझ्या जागी नवा पासपोर्ट आला होता. ज्या दिवशी तो हाती पडला, त्याच दिवशी जेवायच्याही आधी तिने व्हिसा खात्याला नवा नंबर कळवला. ता काठी घेऊन चालू लागले आणि तीन वर्षे जगले. शेवटच्या वर्षी त्यांना रोज औषध देणारी बेटावरची नर्स त्यांची मुलगीच होती, आणि ती रजा घेत नसे.

आता मी तिच्या दवाखान्यातल्या टेबलावर असतो. बाहेर शिकायला निघालेली बेटावरची मुले तिच्याकडे कागद घेऊन येतात. ती मला त्यांच्या हातात देते, आणि माझी वाकडी पाने पाहून ती हसतात. मग ती त्यांना आलेला मेल त्यांच्याकडून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून घेते. परवा एक मुलगी मधेच अडखळली आणि म्हणाली, “बाई, हे कळलं नाही.” तोरिका म्हणाली, “शाब्बास. आता विचार.”

मित्रांनो, माझेही तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. आपले कागद कोरडे ठेवा आणि पुरते वाचा. जे कळले नाही ते विचारायला लाजू नका. आणि कधी एखाद्या विमानतळावर तुमच्या पुढे कुणी घाबरून पिशवीतले कागद शोधत असेल, तर उसासा टाकू नका. खाली पडलेला एखादा कागद उचलून द्या, आणि दोन पावले मागे सरून उभे राहा.